खासगी इंजिनिअरिंग कॉलेज घ्यावं का? ऑप्शन फॉर्म भरण्याआधीची तपासणी

सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं : “गव्हर्नमेंट तर मिळत नाही, मग प्रायव्हेटला एवढे पैसे घालायचे का?” काळजी रास्त आहे, पण प्रश्न अर्धवट आहे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या बहुतेक जागा खासगी कॉलेजांतच आहेत. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली. तोवर इथे जागा नाही मिळाली की ऐपत असलेली मुलं कर्नाटकात देणगी भरून जात आणि ऐपत नसलेली बी.एस्सी. करत. त्यानंतर पुण्या-मुंबईपासून साखरपट्ट्यातल्या तालुक्यांपर्यंत कॉलेजं उभी राहिली. तेव्हा खासगी की सरकारी, एवढ्यावर बहुतेकांचा निर्णय होत नाही. कोणतं खासगी, कोणती ब्रँच आणि कोणत्या दारानं, हे ठरवायचं असतं.

यातलं ‘कोणत्या दारानं’ हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच कुणी विचारत नाही. एकाच कॉलेजात एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एकीचे चार वर्षांत साठ हजार जातात आणि दुसऱ्याचे साडेपाच लाख. शिकवणारे सर तेच, लॅब तीच, पदवी तीच. तिच्यासाठी तो सौदा उत्तम, त्याच्यासाठी कदाचित महागडा. म्हणून तोलायचं ते कॉलेज नव्हे, तुम्हाला मिळणारी जागा.

पहिली पायरी : ‘प्रायव्हेट’ म्हणजे नेमकं काय ते पाहा

कॉलेजच्या नावावरून हे कळत नाही. अंधेरीत भारतीय विद्या भवनच्या एकाच आवारात सरदार पटेलांच्या नावाची दोन इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. एकाला सरकारी अनुदान आहे, दुसरं विनाअनुदानित. फॉर्म भरताना दोघांत गल्लत करणारे दरवर्षी निघतात.

ढोबळ मानानं असं धरा. पुण्याचं सीओईपी, कराड, अमरावती, चंद्रपूर, जळगाव, अवसरी वगैरे सरकारी. सांगलीचं वालचंद अनुदानित, त्यामुळे विचार करताना सरकारीच्या रांगेत बसवायचं. मग येतात विनाअनुदानित कॉलेजं, जी कुठल्या तरी विद्यापीठाशी संलग्न असतात : पुणे, मुंबई, शिवाजी, नागपूर किंवा लोणेरे इथलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ (बाटू). यातली काही स्वायत्त झाली आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची, पदवी मात्र विद्यापीठाची. आणि शेवटी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं. हा प्रकार पूर्ण वेगळा आहे. इथं बऱ्याच ठिकाणी प्रवेश परीक्षा त्यांची, फी त्यांनी ठरवलेली, आणि राज्य सरकारच्या फी-सवलतीच्या मुख्य योजना इथं लागू नाहीत.

अलीकडे काही जुनी नावाजलेली कॉलेजं खासगी विद्यापीठ झाली आहेत. नाव ओळखीचं, इमारत तीच, पण मोठ्या भावाला मिळालेली सवलत धाकट्या बहिणीला मिळेलच असं नाही. चालू वर्षी ते कॉलेज कॅपमध्ये (राज्याच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेत) आहे का, सीईटी सेलच्या जागांच्या तक्त्यात त्याच्या किती जागा दाखवल्या आहेत, हे स्वतः बघा. मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या ओळखीच्या मुलाचं ऐकून चालत नाही.

दुसरी पायरी : दार कोणतं

विनाअनुदानित कॉलेजात शिरायला मुख्यतः तीन दारं आहेत.

एक, कॅप. म्हणजे राज्याच्या सीईटी सेलची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. गुणवत्ता यादी, ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रँचची पसंतीक्रमानं यादी), राऊंड (जागावाटपाच्या फेऱ्या). आरक्षण आणि शिष्यवृत्त्या या दाराशी जोडलेल्या आहेत.

दोन, टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजना. मंजूर जागांच्या पाच टक्क्यांपर्यंत जादा जागा या योजनेत असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर कोणत्याही प्रवर्गातला मुलगा किंवा मुलगी अर्ज करू शकते. शिकवणी फी पूर्ण माफ, बाकीचे आकार भरायचे. प्रवेश कॅपमधूनच होतो, पण ऑप्शन फॉर्ममध्ये याचा चॉइस कोड वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी ‘टी’ असतो. हा कोड न टाकल्यामुळे पात्र मुलांची संधी जाते. कटऑफ खुल्या गटापेक्षाही वर असतो, तरी यादीत टाकायला काहीच लागत नाही. एक अट मात्र लक्षात असू द्या : या जागेवर प्रवेश घेतल्यावर पुढे कॉलेज किंवा ब्रँच बदलून मिळत नाही.

तीन, संस्थास्तरावरची जागा, लोकांच्या भाषेत मॅनेजमेंट कोटा. वीस टक्क्यांपर्यंतच्या या जागा कॉलेज स्वतः भरतं. तिथंही जाहिरात आणि गुणवत्ता यादी लावणं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात जूनमध्ये फोन येऊ लागतात : “कॉम्प्युटरच्या दोनच सीट राहिल्यात, आज टोकन दिलं तर होल्ड करतो.” टोकन देऊ नका. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीवर १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे. मंजूर फीच्या वर, पावतीशिवाय मागितलेली कोणतीही रक्कम त्यात मोडते, मग तिला ‘डोनेशन’ म्हणा की ‘डेव्हलपमेंटला मदत’. पावतीच नसेल तर प्रवेश रद्द केल्यावर तो पैसा परत मागायचा कुणाकडे?

माझं मत सरळ सांगतो. कॅपमधून मिळणारी चांगल्या खासगी कॉलेजातली जागा बहुतेकांसाठी घेण्यासारखी असते. मधल्या दर्जाच्या कॉलेजात केवळ ‘कॉम्प्युटर’ हे नाव पदवीवर यावं म्हणून लाखो रुपये मोजून घेतलेली कोट्यातली जागा बहुतेकांसाठी तोट्याची असते. कारण तो जादा पैसा शिकवण्यात उतरत नाही, फक्त दार उघडतो.

तिसरी पायरी : तुमची स्वतःची फी काढा

विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, लोक त्याला एफआरए म्हणतात. २०१५ च्या कायद्यानं त्याला तो अधिकार दिला आहे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजची त्या वर्षाची मंजूर फी दिसते. कॉलेजच्या माहितीपत्रकातला आकडा आणि तिथला आकडा जुळतो का, हे आधी बघा.

त्या फीचे दोन भाग असतात, शिकवणी शुल्क आणि विकास शुल्क. सवलती मुख्यतः पहिल्यावर मिळतात, दुसरं बहुतेकांना भरावंच लागतं. गोंधळ इथंच होतो. “फी माफ आहे ना, मग पंधरा हजार कसले?” असं खिडकीवर भांडणारे पालक चुकीचे नसतात, त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

सवलती थोडक्यात. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस) मुलांना शिकवणी आणि परीक्षा शुल्काची निम्मी सवलत मिळते. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलांनाही निम्मी. २०२४-२५ पासून याच तिन्ही गटांतल्या मुलींना, म्हणजे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी, ती शंभर टक्के झाली. अनुसूचित जाती-जमाती आणि विमुक्त-भटक्या गटांच्या योजना वेगळ्या आहेत, त्यांच्या उत्पन्नाच्या अटीही वेगळ्या. सगळे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. आणि ठळक अट : प्रवेश कॅपमधून हवा. कोट्यातून घेतलात की हे सगळं संपलं.

आता एक हिशेब मांडू. समजा शिकवणी शुल्क १,२०,००० आणि विकास शुल्क १५,००० आहे.

• ओबीसी मुलगी, उत्पन्न सहा लाख, कॅपमधून : वर्षाला १५,०००, चार वर्षांत ६०,०००.
• ईडब्ल्यूएस मुलगा, कॅपमधून : ६०,००० अधिक १५,०००, म्हणजे वर्षाला ७५,०००, चार वर्षांत ३ लाख.
• उत्पन्न आठ लाखांच्या वर असलेला खुल्या गटातला मुलगा : वर्षाला १,३५,०००, चार वर्षांत ५ लाख ४० हजार. कोट्यातला मुलगा कोणत्याही गटातला असला तरी यापेक्षा कमी नाही, जास्त असू शकतो.

यात घरापासून दूर राहण्याचा खर्च धरलेला नाही. खोली, मेस, प्रवास, जर्नलं, लॅपटॉप मिळून वर्षाला ९० हजार धरले तरी चार वर्षांचे ३ लाख ६० हजार होतात. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या मुलीचा राहण्याचा खर्च फीच्या सहापट आहे! तिच्यासाठी घराजवळचं कॉलेज की पुण्यातलं, हा फीचा प्रश्नच नाही, खोलीच्या भाड्याचा आहे. वसतिगृहासाठीही योजना आहेत : डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पैसे उशिरा येतात, कधी खूपच उशिरा. त्यामुळे पहिल्या वर्षाचा खर्च हातात असल्याशिवाय केवळ भत्त्याच्या भरवशावर शहर गाठू नका.

कॉलेजला चार गोष्टी विचारा, शक्यतो ईमेलनं, म्हणजे उत्तर लेखी राहील. शिष्यवृत्तीची रक्कम आधी भरून घेता का? सरकारचे पैसे आले नाहीत तर परीक्षेचं हॉलतिकीट अडवता का? पुढच्या वर्षांत फी वाढणार का? बस, गणवेश, ‘ट्रेनिंग प्रोग्रॅम’ यांचे पैसे सक्तीचे आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर ते ‘हो’ समजा.

चौथी पायरी : कर्ज काढणार असाल तर हप्ता आधी मोजा

दरवर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज, व्याज दहा टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. सरळ व्याजानं मोजलं तरी पाच वर्षांत ते साधारण दोन लाख दहा हजार होतं. म्हणजे फेडायला सुरुवात करताना डोक्यावर आठ लाख दहा हजार. सात वर्षांत फेडायचे तर महिना तेरा हजारांच्या वर हप्ता.

दुसरीकडे, मोठ्या आयटी कंपन्यांच्या सरसकट भरतीचं पॅकेज कितीतरी वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकलं आहे. हातात येतात पंचवीस हजार किंवा थोडे अधिक. हिंजवडीत कॉट बेसिसवर राहून, मेस भरून तेरा हजारांचा हप्ता कसा निघतो हे एखाद्या नुकत्याच लागलेल्या मुलाला विचारा. निघत नाही असं नाही. पण घरी काही पाठवता येत नाही, आणि वडिलांनी त्यासाठीच तर शिकवलेलं असतं.

म्हणून पालकांना मी एक साधी मर्यादा सुचवतो : एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या खऱ्याखुऱ्या पगारापेक्षा फार वर जाऊ देऊ नका. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण न देता कर्ज मिळतं आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे बँकेत जाण्याआधी तपासा.

पाचवी पायरी : कॉलेजनं स्वतः लिहून दिलेलं वाचा

माहितीपत्रक बाजूला ठेवा. त्यात हिरवळ असते, ड्रोननं काढलेला फोटो असतो आणि टाय घातलेली पाच मुलं असतात. तुम्हाला वाचायचा आहे तो एनआयआरएफचा अहवाल. या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला आपली माहिती भरून ती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. क्रमांक लागला नाही तरी माहिती असते. बहुधा मुख्य पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दुवा सापडतो. उघडा आणि या गोष्टी बघा.

पगाराचा मध्यांक. सर्वाधिक नव्हे, सरासरीही नव्हे. नोकरी लागलेल्या सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या मुलाचा पगार. त्याच तक्त्यात किती मुलांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाली, किती लागली आणि किती पुढे शिकायला गेली, हे तीन वर्षांचं असतं. प्रवेश आणि वेळेत पास यांतली दरी मोठी असेल तर समजायचं, केटी (विषय राहणं) आणि इअर डाऊनचं (वर्ष वाया जाण्याचं) प्रमाण मोठं आहे.

प्राध्यापकांची यादी. त्यात पदवी, अनुभव आणि रुजू झाल्याची तारीख असते. मला विचाराल तर कॉलेज ओळखायला या तारखांइतकं चांगलं साधन दुसरं नाही. निम्मे प्राध्यापक मागच्या दोन वर्षांत आलेले असतील तर आधीचे का गेले? बऱ्याच खासगी कॉलेजांत पगार अर्धा मिळतो किंवा महिनोन्‌महिने मिळत नाही. चांगला शिक्षक तिथं थांबत नाही, आणि सेमिस्टरच्या मध्ये एम-थ्रीचे (गणिताच्या तिसऱ्या पेपरचे) सर बदलले की भोगतात मुलं. उलट दहा-पंधरा वर्षं टिकलेली माणसं दिसली तर गावाकडचं, फारसं नाव नसलेलं कॉलेजही गंभीरपणे विचारात घ्या.

खर्चाचा तक्ता. लॅबची साधनं आणि ग्रंथालयावर वर्षाला किती, हे तिथं असतं.

एनबीए आणि नॅक या दर्जा तपासणाऱ्या दोन संस्थांतही फरक आहे. नॅक अख्ख्या कॉलेजचं मूल्यांकन करतं, एनबीए एकेका ब्रँचला मान्यता देतं. प्रवेशद्वारावरच्या फलकावर ‘एनबीए मान्यताप्राप्त’ लिहिलेलं असतं, आणि मान्यता मेकॅनिकलला असते, तुम्ही घेणार असता एआय-डेटा सायन्स. नव्या ब्रँचला किमान दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय ही मान्यता मिळत नाही, त्यामुळे तिथं मान्यता नसणं हा दोष नाही. पण मग विचारा, ही ब्रँच शिकवतंय कोण? एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांवरची ब्रँचमागच्या जागांची कमाल मर्यादा काढून टाकली, आणि कॉम्प्युटरच्या तुकड्या भराभर वाढल्या. बाकं वाढवणं सोपं असतं. एआयसीटीईच्या प्रमाणाप्रमाणे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. जागांचा आकडा आणि वरची यादी समोरासमोर ठेवून भागाकार करा.

सहावी पायरी : प्लेसमेंटचा फलक वाचायला शिका

‘सर्वाधिक पॅकेज ४४ लाख’ हे वाक्य एका मुलाबद्दल असतं. तुम्ही तो मुलगा असाल अशी इच्छा आहेच, पण हिशेब मधल्या मुलाचा करायचा. ‘९५ टक्के प्लेसमेंट’ म्हणजे बहुधा पात्र मुलांपैकी ९५ टक्के. पात्र म्हणजे दहावी-बारावीपासून साठ टक्के, चालू बॅकलॉग नाही, आणि प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेलं. वर्गातली एक तृतीयांश मुलं या चाळणीतच गळलेली असू शकतात. एका मुलाला तीन ऑफर असतील तर त्या तीन मोजलेल्या असू शकतात. दुसऱ्या कॉलेजात झालेल्या संयुक्त कॅम्पसमध्ये लागलेलाही मोजला जातो. आणि ऑफर लेटर हातात येऊन वर्ष उलटलं तरी रुजू होण्याची तारीख न आलेलेही त्यातच.

टीपीओंना, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना, एकच विचारा : “मागच्या वर्षी माझ्या ब्रँचमध्ये एकूण किती मुलं होती, आणि प्रत्यक्ष रुजू किती झाली?” त्यावर “कंपन्या तर भरपूर येतात” असं उत्तर आलं तर पुढे विचारायची गरज नाही.

मात्र खासगीची एक जमेची बाजू इथंच आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पुण्या-मुंबईतल्या चांगल्या खासगी कॉलेजांचे प्लेसमेंट सेल कंपन्यांच्या दारात जाऊन बसतात. माजी विद्यार्थी कंपन्यांत ठिकठिकाणी पेरलेले असतात, इंटर्नशिप शहरातच मिळते, हॅकेथॉन आणि रोबोटिक्सच्या टीमना बऱ्यापैकी पैसे मिळतात. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम पटकन बदलू शकतं, निकाल वेळेवर लावतं. सरकारी कॉलेजात कधी प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी असतात आणि एक यंत्र घ्यायचं तर फाईल मंत्रालयापर्यंत फिरते. पुण्याच्या पीआयसीटी या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळत असताना लांबच्या सरकारी कॉलेजात नको असलेली ब्रँच केवळ ‘गव्हर्नमेंट’ म्हणून घेणं मला पटत नाही. स्वायत्ततेला दुसरी बाजू आहे, पेपर काढणारे आणि तपासणारे घरचेच. काही कॉलेजं त्यातून गुण सढळ हातानं वाटतात. गुणपत्रिका छान दिसते, मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत ते उघडं पडतं.

सातवी पायरी : एकदा जाऊन या

प्रवेशाच्या काळात समुपदेशन कक्षात एसी, सरबत आणि गोड बोलणं असतं. तिकडे जाऊ नका, किंवा गेलात तरी त्यावरून ठरवू नका. सत्र चालू असताना, मधल्या वारी, दुपारी दोनच्या सुमारास जा. त्या वेळी प्रॅक्टिकल चालू असायला हवीत. लॅबमध्ये मुलं यंत्रावर काम करताहेत की जर्नल एकमेकांचं बघून उतरवताहेत, दारातून दिसतं. ग्रंथालयात कुणी बसलंय का तेही.

मग गेटबाहेरच्या टपरीवर चहा घ्या. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा, पहिल्या वर्षाची अजून हरखलेली असतात आणि शेवटच्या वर्षाची वैतागलेली. विचारा : या सेमिस्टरला किती सर बदलले? डिफॉल्टरची यादी हजेरीवर लागते की फीवर? कोडिंग शिकलात कुठे, वर्गात की यूट्यूबवर? मुलींना हॉस्टेलच्या वेळा, पाणी, रात्रीची बस आणि एकूण सुरक्षिततेबद्दल विचारा. हे प्रश्न आईनं विचारले तर जास्त खरी उत्तरं मिळतात, असा माझा अनुभव.

ब्रँच की कॉलेज?

याचं सार्वत्रिक उत्तर नाही, पण एक दिशा सांगता येते. पहिल्या फळीतल्या कॉलेजात ब्रँचबाबत थोडी तडजोड चालते : इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकलच्या मुलांनाही सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतीत बसता येतं. खालच्या फळीत तसं होत नाही, तिथं ब्रँच महत्त्वाची. आणि कॉम्प्युटर, आयटी, एआय, डेटा सायन्स, सायबर या एकमेकींच्या शेजारच्या ब्रँचेसमध्ये पहिली दोन वर्षं बरंच सारखं शिकवतात. त्यांतल्या एकीसाठी चांगलं कॉलेज सोडू नका. सिव्हिल, मेकॅनिकल ओस पडल्या म्हणून वाईट ठरत नाहीत. एमपीएससी, रेल्वे, महावितरण, चाकण-रांजणगावचे कारखाने यांच्याकडे डोळा असलेल्या मुलाला कमी पर्सेंटाईलमध्ये खूप चांगलं कॉलेज मिळून जातं. फक्त मुलाला ते आवडत असावं. काकांच्या कन्स्ट्रक्शनच्या धंद्यासाठी पुतण्याला सिव्हिलला घालणं हा वेगळा विषय आहे.

आठवी पायरी : ऑप्शन फॉर्म

मागच्या दोन वर्षांच्या कटऑफ याद्या उघडा. त्यातले कोड घाबरवतात, पण सोपे आहेत. सुरुवातीचा ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे मुलींची राखीव जागा, मध्ये प्रवर्ग. शेवटचं ‘एच’ म्हणजे तुमच्याच विद्यापीठ क्षेत्रातला उमेदवार, ‘ओ’ म्हणजे बाहेरचा, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. नांदेडच्या मुलानं पुण्याच्या कॉलेजचा ‘एच’चा कटऑफ बघून स्वप्नं रंगवू नयेत.

यादी इच्छेच्या क्रमानं लावा, शक्यतेच्या नव्हे. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालची संधी जात नाही. मात्र जिथं मिळालं तरी जाणार नाही असं नाव केवळ जागा भरायला टाकू नका. २०२५-२६ च्या प्रवेशात चार राऊंड होते. पहिल्या राऊंडला पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्याला पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर जागा आपोआप पक्की होत होती, पुढच्या राऊंडचं दार बंद. असा नियम असताना वरच्या सहा ओळींत काय लिहिता याला फार किंमत असते. नियम दरवर्षी बदलतात, त्या वर्षीची माहिती पुस्तिका छापून घ्या आणि पेन घेऊन वाचा. सायबर कॅफेवाल्या दादांना पासवर्ड देऊन ‘तुम्हीच भरा’ म्हणू नका. फॉर्म निश्चित करण्याआधी प्रत्येक चॉइस कोड मोठ्यानं वाचून दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

कागदपत्रांचं काम बारावीच्या दिवाळीतच काढा. अधिवास, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस. जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि ते वेळेत न आल्यामुळे राखीव जागा गमावून खुल्या गटात पडलेली मुलं दर जुलैला सुविधा केंद्राबाहेर दिसतात.

खासगी नको म्हणायचं कधी?

कॅपमध्ये मिळत असलेल्या कॉलेजचा पगाराचा मध्यांक तुमच्या एका वर्षाच्या एकूण खर्चाच्या जवळपासच घोटाळत असेल, प्राध्यापक टिकत नसतील, आणि मुलाला गणिताची मुळात गोडी नसेल, तर थांबा. चंद्रपूर, जळगाव, अवसरी इथली सरकारी कॉलेजं लांब वाटतात म्हणून यादीतून वगळली असतील तर परत बघा. अवसरी तर मंचरजवळ, पुणे जिल्ह्यातच आहे. चांगल्या कॉलेजातलं बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए आणि पुढे एम.सी.ए., हा रस्ता खर्चाला कमी आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी बऱ्यापैकी तोच आहे. दहावीत असलेल्या धाकट्या भावंडासाठी डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश हाही विचार करा. सरकारी तंत्रनिकेतनची फी फारच कमी असते, आणि डिप्लोमात चांगले गुण पाडणारी मुलं अशा कॉलेजांत पोहोचतात जिथं बारावीनंतर त्यांना जागा मिळाली नसती.

एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी देणं? पर्सेंटाईल अगदी थोडक्यात हुकला असेल आणि कारण ठाऊक असेल, आजारपण, उशिरा सुरू केलेला अभ्यास, तर एखाद्या वेळी. ‘बघू, पुढच्या वर्षी जोरात करू’ एवढ्यावर नको.

प्रवेश घेतल्यावरचे पहिले आठ दिवस

पैसे भरा ते ऑनलाईन किंवा डीडीनं, रोख नाही. पावतीवर प्रत्येक आकार वेगळा लिहून घ्या. मूळ कागदपत्रं तपासून परत करायची असतात, कॉलेजनं ती ठेवून घेणं एआयसीटीईला मान्य नाही. “चार वर्षं आमच्याकडे सुरक्षित राहतील” म्हणाले तर नम्रपणे परत मागा. महाडीबीटीचा अर्ज उघडल्या दिवशी भरा, आधार बँक खात्याशी जोडलेलं आहे का ते आधी बघा, आणि अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर अडकून पडत नाही ना, हे दर पंधरा दिवसांनी क्लार्कना भेटून विचारा. दुसरीकडे जागा मिळाली तर सीईटी सेलनं दिलेल्या शेवटच्या तारखेआधी प्रवेश ऑनलाईन रद्द करा. मुदतीत रद्द केला तर प्रक्रियेचे जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकीची फी परत मिळायला हवी. तारीख उलटली की गेली. त्या तारखेला मोबाईलवर गजर लावून ठेवा, मुलाच्याही आणि वडिलांच्याही.